युकेलेले कमी कसे करायचे: वन बीएचकेमधल्या वाजवणाऱ्यांसाठी सविस्तर गाईड

युकेलेलेची, म्हणजे चार तारांच्या त्या गिटारसारख्या छोट्या वाद्याची, गोची ही आहे की तो लहान असतो, बऱ्यापैकी स्वस्त असतो आणि घरात येताना कोणाच्या नजरेत भरत नाही. पियानो आणायचा म्हटलं की लिफ्टमध्ये मावेल का इथपासून चौकशा सुरू होतात, युकेलेले मात्र भाजीच्या पिशवीसोबत गपचूप आत शिरतो. आधी एक सोप्रानो, म्हणजे छोट्या साइझचा, येतो, मग बोटं अडकतात म्हणून त्याहून मोठा कॉन्सर्ट, मग दिवाळी सेलमध्ये दिसला म्हणून अजून एक कॉन्सर्ट, मग अजून मोठा टेनर, आणि या सगळ्यांच्या मागोमाग कलिंबा, कहोन, मेलोडिका असली पाहुणे मंडळी. बाहेरच्या युकेलेलेवाल्यांनी या आजाराला नावही देऊन ठेवलंय, यूएएस, म्हणजे युकेलेले ॲक्विझिशन सिंड्रोम. हसायला ठीक आहे, पण भांडुपच्या वन बीएचकेमध्ये दिवाणाच्या पोटात गाद्या ठेवायच्या की गिग बॅगा हा प्रश्न आला की हसू जरा आवरतं.

जागा हा अर्धाच प्रश्न आहे खरं तर. प्रत्येक वाद्य मागे काम लावतं. तारा बदला, ट्यून करा, पावसाळ्यात बुरशी आलीय का बघा, चाव्यांचे स्क्रू गंजलेत का बघा, आणि हे सगळं जॉब, लोकल आणि घर सांभाळून. पाच वाद्यं असली की पाचही अर्धवट ट्यून असतात आणि वीस मिनिटं मिळाली तर त्यातली दहा चाव्या पिळण्यात जातात. शिवाय हाताची सवय मोडते, आज छोट्या सोप्रानोवर आणि उद्या मोठ्या टेनरवर, मग बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) कुठलाच नीट बसत नाही.

मी जे सांगणारे ते एवढंच की घरातल्या प्रत्येक वाद्याला असं एखादं काम असलं पाहिजे जे दुसऱ्याला जमत नाही, आणि नवा युकेलेले घेऊन आपण जे शोधत असतो त्यातलं बरंचसं तारांच्या एका सेटमध्ये मिळून जातं. ते कसं, ते आता एकेक करून बघू.

पहिली पायरी: सगळं एकदम बाहेर काढा

एकेक करून नाही, एकदम. माळ्यावरचं, दिवाणातलं, कपाटामागचं, ऑफिसच्या लॉकरमधलं, भाचीला 'थोडे दिवस वापर' म्हणून दिलेलं, सगळं एका पलंगावर. जोपर्यंत ते वेगवेगळ्या कोपऱ्यात असतं तोपर्यंत डोक्यात 'दोन-तीनच तर आहेत' असा हिशोब चालू असतो.

आता सगळे ट्यून करा, ज्यांच्या तारा तुटल्यात किंवा पिवळ्या पडल्यात ते बाजूला. ट्यून करताना एक गोष्ट बघा, हात सगळ्यात आधी कुठल्याकडे गेला. ते उत्तर बऱ्याचदा खरं निघतं पण त्यावर लगेच निर्णय घेऊ नका कारण जे नवीन आहे त्याकडे हात जातोच.

मग मोबाइलमध्ये नोट बनवा. साइझ, लाकूड सॉलिड (अखंड) की लॅमिनेट (प्लायसारखे थर चिकटवलेलं), कुठल्या तारा, शेवटच्या कधी बदलल्या, काय बिघडलंय. आणि प्रत्येक बॅगेच्या पुढच्या खिशात एक कागद आणि पेन्सिलीचा तुकडा टाकून ठेवा. जेव्हा वाजवाल तेव्हा एक रेघ मारायची, बाकी काही नाही. दोन महिने असंच चालू द्या. यासाठी गणपतीचे दिवस किंवा मे महिन्याची सुट्टी धरू नका, तेव्हा आपण नेहमीपेक्षा जास्त वाजवतो आणि आकडे फुगतात, साधे कंटाळवाणे महिने घ्या. दोन महिन्यांनी ज्या कागदावर एकही रेघ नाही त्याच्याशी भांडायची गरज नाही, त्याने राजीनामा दिलेलाच आहे.

दुसरी पायरी: डुप्लिकेट ओळखा

इथे थोडं साइझचं गणित लागतं. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (खाली तारा बांधतात ती पट्टी) वाजणारी लांबी, जिला स्केल लेंथ म्हणतात, ती सोप्रानोची साधारण १३ इंच, कॉन्सर्टची १५, टेनरची १७ आणि बॅरिटोनची १९ ते २०. यातले पहिले तिन्ही साधारणपणे एकाच ट्यूनिंगला असतात, जी सी ई ए. म्हणजे सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे तिन्ही तेच सूर काढतात, कॉर्डचे शेपही तेच. फरक असतो तो फ्रेटमधल्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतराचा, तारांच्या ताणाचा आणि आवाजाच्या भरीवपणाचा. हा फरक खरा आहे, नाही असं नाही, पण तीन स्वतंत्र वाद्यं म्हणण्याइतका नाही.

आणि हे सगळे साइझ काही पहिल्यापासून नव्हते. १८७९ साली रेव्हनस्क्रॅग नावाच्या जहाजातून मडेरा बेटावरचे पोर्तुगीज कामगार हवाईत होनोलुलूला उतरले, त्यांच्यात सुतारकाम येणारे नुनेस, डायस आणि एस्पिरितो सांतो हे तिघं होते, आणि त्यांच्याकडच्या मशेत या छोट्या वाद्यावरून पुढे युकेलेले घडला. तो सोप्रानोच. कॉन्सर्ट आणि टेनर आले ते १९२० च्या दशकात, बॅरिटोन तर १९४० च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं लोकांनी सगळं त्या एवढ्याशा सोप्रानोवरच वाजवलं. आणि आजचं बघायचं तर हवाईचा युकेलेलेवादक जेक शिमाबुकुरो, ज्याच्यामुळे आपल्यापैकी अर्धे जण या वाद्याकडे वळले, तो स्टेजवर मुख्यतः टेनर घेऊनच उभा असतो.

बॅरिटोनचं वेगळं आहे. त्याचं ट्यूनिंग डी जी बी ई, म्हणजे गिटारच्या बारीक चार तारा जशाच्या तशा. त्यामुळे घरात गिटार असेल तर बॅरिटोनचं बरंचसं काम आधीच होतंय. गिटारच्या वरच्या दोन जाड तारा सोडून द्या, उरलेल्या चारवर बॅरिटोनचे शेप वाजवा. त्याच चार तारांवर पाचव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावलात तर जी सी ई ए मिळतं, लो जी वालं, म्हणजे जी ची तार एक सप्तक खाली. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांकडे कॉलेजच्या काळातली गिटार पडलेली असते आणि तरी ते बॅरिटोनच्या किमती बघत असतात. आवाज हुबेहूब येत नाही, गिटारच्या स्टीलच्या तारा वेगळ्याच वाजतात, पण तुम्हाला खोल आवाजात सोबत करायचीय एवढंच असेल तर भागतं.

तर दोन कॉन्सर्ट म्हणजे डुप्लिकेट, हे सरळ आहे. कॉन्सर्ट आणि टेनर दोन्ही हाय जी वर, म्हणजे नेहमीच्या उंच जी वर, असतील तर तेही जवळजवळ डुप्लिकेटच. आणि स्प्रूस टॉप आणि मेहॉगनी टॉप (टॉप म्हणजे पुढची फळी) असे दोन 'टोनसाठी' ठेवले असतील तर पुढची पायरी नीट वाचा.

तिसरी पायरी: विकण्याआधी तारा बदलून बघा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा लांबण लावते.

युकेलेलेची नेहमीची जी ची तार, म्हणजे जी छातीकडे सगळ्यात वर येते, ती बारीक आणि उंच सुराची असते. त्यामुळे सगळ्यात खालचा सूर निघतो तो सी. आता आपल्या भाषेत बोलायचं तर सी म्हणजे पांढरी एक. सा पांढरी एकला धरला तर चार मोकळ्या तारा होतात प, सा, ग, ध, आणि तो प मंद्र नसून मध्य सप्तकातला. म्हणजे सा च्या खाली उतरायला जागाच नाही. कॉर्ड धरून झिंग झिंग करायला काही फरक पडत नाही, पण कुठलंही भावगीत सुरावटीसकट वाजवायला घ्या, अंतऱ्यावरून परत येताना चाल मंद्र नी, ध, प ला जाते आणि आपण तिथे अडकतो. मग वाटतं की आपला युकेलेले छोटा आहे, मोठा पाहिजे. मोठा नको असतो. लो जी पाहिजे असते.

लो जी म्हणजे तीच तार एक सप्तक खाली. एका तारेने मंद्र प पर्यंतची जागा मिळते, आवाजात बुड येतं आणि वाद्य दुसरंच वाटायला लागतं. खर्च काही शे रुपये. आणि सा काळी एकला पाहिजे असेल, बऱ्याच पुरुषांचं गाणं तिथे असतं, तर पहिल्या फ्रेटला कॅपो. त्यासाठीही वेगळं वाद्य लागत नाही.

तार बदलताना या गोष्टी बघा. एका वेळी एकच तार काढा. ब्रिजच्या मागे, जिथे गाठ असते तिथे, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सरकवून ठेवा, कारण नवी गाठ सुटली तर तारेचं टोक फटकन टॉपवर आपटतं आणि लाकडाला खोच पडते. लो जी मध्ये दोन प्रकार येतात, एक धातूची बारीक तार गुंडाळलेली आणि दुसरी साधी फ्लुरोकार्बनची. गुंडाळलेली बारीक असते त्यामुळे नटच्या खाचेत सहसा आरामात बसते, पण बोट सरकवलं की ची ची आवाज येतो, आणि मुंबईच्या दमट हवेत, त्यात घामट हात असतील तर अजूनच, ती लवकर काळी पडते. साधी फ्लुरोकार्बनची जाड असते आणि मूळ खाच बारीक असली तर वरच तरंगते. चावी पिळताना 'टिंग' असा आवाज येत असेल आणि सूर एकदम उडी मारत असेल तर समजा तार खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटते. नाहीच सुटली तर दुकानात नेऊन खाच रुंद करून घ्या, घरात सुईफाईल घेऊन कलाकारी नको, खाच जास्त खोल गेली की ती तार फ्रेटवर खडखडायला लागते. आणि नवीन तारा काही दिवस उतरत राहतात, रोज ट्यून करावं लागतं, त्यावरून 'हा युकेलेलेच खराब' असा निष्कर्ष काढू नका. सोप्रानोवर लो जी जरा ढिली लागते, कॉन्सर्ट आणि टेनरवर छान.

आता परीक्षा. डोळे बंद करून ऐकणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते माणूस युकेलेलेचं शौकीन नसलेलं बरं. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, मी बेडरूमचं दार लोटून घेतलं आणि एकच चाल तीन युकेलेलेवर वाजवली.

"आई, सांगा ना, कुठला वेगळा वाटला?"

"अगं पहिले दोन तर एकच होते ना? तिसरा जरा भारदस्त वाटला. तो नवीन आणलास का?"

पहिले दोन म्हणजे एक मेहॉगनीचा आणि एक स्प्रूस टॉपचा, ज्यांच्यातला फरक सांगणारे तास-तासभराचे व्हिडिओ यूट्यूबवर पडलेत. तिसरा सगळ्यात स्वस्तातला लॅमिनेट कॉन्सर्ट, फक्त त्याला लो जी लावलेली. स्प्रूसवाला त्याच आठवड्यात विकायच्या यादीत गेला. लाकडाचा फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही, वाजवणाऱ्याला जवळून तो जाणवतो, स्प्रूस जरा चकचकीत आणि मेहॉगनी जरा उबदार. पण घरात हौसेने वाजवताना त्या फरकासाठी दोन-दोन बॅगा सांभाळायच्या का, हे तुम्ही ठरवा.

चौथी पायरी: काय ठेवायचं

बहुतेक हौशी लोकांना दोन पुरतात. एक घरचा, कॉन्सर्ट किंवा टेनर, ज्यावर तुमची बोटं सगळ्यात सुखात असतात, आपल्या आवडीच्या तारा लावलेला. हा बॅगेत नाही, हाताशी राहतो. दुसरा रफ, लॅमिनेट, जो अलिबागच्या ट्रिपला, सोसायटीच्या कोजागिरीला, मुलांच्या हातात, सगळीकडे जाऊ शकतो आणि पडला-भिजला तरी पोटात गोळा येत नाही. लोकलने नेणार असाल तर हा सोप्रानो किंवा कॉन्सर्टच ठेवा, सकाळच्या फास्टमध्ये पाठीवर टेनरची बॅग घेऊन चढलात तर काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक हाय जी आणि एक लो जी असं वाटून टाकलंत तर दोघांनाही काम मिळालं आणि भांडण संपलं. कॅम्पनेला वाजवणाऱ्यांना, म्हणजे ओळीतले सूर वेगवेगळ्या तारांवर काढून एकमेकांत घंटांसारखे मिसळू देतात ते लोक, त्यांना हाय जी लागतेच.

तिसरा कोणी ठेवावा? स्टेजवर नियमित वाजवत असाल आणि पिकअपवाला (स्पीकरला जोडता येणारा) लागत असेल तर. किंवा घरात दोघं वाजवत असाल तर. 'कधीतरी शिकेन' या खात्यातला बॅन्जोलेले (बॅन्जोच्या अंगाचा युकेलेले), बॅरिटोन वगैरे माझ्या हिशोबात बसत नाही. कलिंबाचंही तसंच, रेघेचा कागद त्याच्या खोक्यातही टाका आणि बघा काय होतं.

पाचवी पायरी: जे जाणार त्याची तब्येत तपासा

देण्याआधी किंवा विकण्याआधी दहा मिनिटं काढा, म्हणजे समोरच्याला खरं सांगता येतं आणि नंतर फोन येत नाहीत.

सगळ्यात आधी ब्रिज. साध्या कागदाची पट्टी घ्या, बिलाची चालेल, आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. जाते आत? मग गोंद सुटायला लागलाय. मुंबईत दोन-चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या वाद्यांमध्ये हे बघायला मिळतं, वरून काही दिसत नाही, तारा लावल्या की एक दिवस ब्रिज अख्खा उचकटतो. महागड्या सॉलिडचा असेल तर दुरुस्त करून घ्या, दोन हजारच्या लॅमिनेटला तेवढा खर्च परवडत नाही, तो 'ब्रिज सुटतोय' असं सांगूनच द्यायचा.

मग हेडकडून एक डोळा बंद करून मानेच्या कडेने बघा, वाकलीय की सरळ. नंतर प्रत्येक तारेचा मोकळा सूर आणि बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर ताडून बघा, बाराव्यावर तोच सूर एक सप्तक वर यायला पाहिजे. थोडं इकडेतिकडे स्वस्त वाद्यात चालतं, आणि आधी तारा बदलून बघा, जुन्या तारांनीही हे बिघडतं. प्रत्येक फ्रेट दाबून खडखड ऐका. आत टॉर्च मारा, बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर किंचित ओलसर फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही, उन्हात गोंद आणि पॉलिश दोन्हीची वाट लागते.

सहावी पायरी: विकणं

किंमत ठरवताना आपण किती दिले होते ते विसरा. तेच मॉडेल आज ऑनलाइन नवीन कितीला मिळतंय ते बघा आणि चांगल्या स्थितीतल्या लॅमिनेटसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करा, थोडं वर ठेवा कारण घासाघीस होणारच. नावाजलेल्या कंपनीचा सॉलिड असेल तर जास्त मिळतात. चोरबाजारात मटण स्ट्रीटला घेऊन जायचा मोह होईल, तिथे जुन्या वस्तू बघायला मजा येते पण आपला युकेलेले विकायला ती जागा नाही, व्यापाऱ्याला त्यात स्वतःचं सुटायला हवं ना. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, आणि सगळ्यात भारी म्हणजे ओळखीतले व्हॉट्सॲप ग्रुप, सोसायटीचा, ऑफिसचा, मुलांच्या शाळेचा.

जाहिरात लिहिताना कविता नको, असं काहीतरी लिहा: 'कॉन्सर्ट युकेलेले, लॅमिनेट मेहॉगनी, २०२१ ला घेतलेला, तारा गेल्या महिन्यात बदलल्यात, मागे नखाएवढा ओरखडा आहे, चौथ्या फोटोत दिसेल. बॅग आणि ट्यूनर सोबत. भांडुप किंवा दादरला हातोहात, कुरिअर नाही.' फोटो खिडकीजवळ दिवसा काढा, पुढून, मागून, हेड, ब्रिज आणि दोष. सोबत अर्ध्या मिनिटाचा वाजवतानाचा व्हिडिओ टाकलात तर 'चालू आहे ना' विचारणारे निम्मे मेसेज कमी होतात.

पैशाचं मात्र नीट ऐका. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. समोरचा 'मी आर्मीत आहे, पोस्टिंग बदललीय, न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असं म्हणाला की तिथेच ब्लॉक. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय बॅग हातातून सोडायची नाही.

भेटायला आपलं नेहमीचं, स्टेशनवर इंडिकेटरखाली, पण गर्दीची वेळ टाळून. घेणाऱ्याला वाजवून बघू द्या. नवशिका असेल तर त्याच्यासमोर ट्यून करून दाखवा आणि सी कॉर्ड शिकवा, एका बोटाचा आहे, ए च्या तारेवर तिसरा फ्रेट. तेवढ्यावर माणूस खूश होऊन घासाघीस विसरतो, हे मी बघितलंय.

कुरिअर करायलाच लागलं तर तारा एक-दोन सूर ढिल्या करा, पूर्ण काढू नका. हेडच्या खाली आणि मानेच्या खाली चुरगळलेला पेपर भरा, कारण धक्का बसला की मान तिथेच मोडते. बॅगेसकट एका खोक्यात, ते खोकं अजून एका खोक्यात, हलवून बघा, आत काही हललं तर अजून पेपर. 'नाजूक' लिहा, पण त्या शब्दावर भरवसा ठेवून कमी पेपर भरू नका.

सातवी पायरी: देऊन टाकणं

काही वाद्यांचे हजार रुपये मिळवण्यासाठी वीस लोकांशी चॅट करण्यापेक्षा ती देऊन टाकलेली बरी. महापालिकेची शाळा, वस्तीतला अभ्यासवर्ग, बालवाडी, मुलांचं वाचनालय. पण आधी फोन करा आणि विचारा की तिथे कोणी शिकवणारं आहे का, नसेल तर ते पुन्हा एका कपाटातच जाऊन बसणार, फक्त कपाट दुसऱ्याचं. तुम्ही स्वतः महिन्यातून एक शनिवार जाऊन चार कॉर्ड शिकवू शकत असाल तर तसं सांगा, मग ते आनंदाने घेतात. देताना नवीन तारा लावून, एक जास्तीचा सेट आणि ट्यूनर सोबत घालूनच द्या. मोडकं वाद्य दान म्हणून देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात, त्यापेक्षा भंगारवाला बरा.

आठवणींच्या वस्तूंबद्दल फार बोलत नाही. आजोबांचा बेंजो, म्हणजे आपला बुलबुलतरंग, किंवा पहिल्या पगाराचा युकेलेले असेल तर ठेवा आणि त्याला रेघेच्या कागदातून सूट द्या. फक्त असं एकच. सगळ्याच वाद्यांच्या आठवणी निघायला लागल्या की हे सगळं वाचल्याचा उपयोग नाही.

आठवी पायरी: पुन्हा भरणार नाही याची सोय

जागा रिकामी झाली की ती खुणावते. नवीन मॉडेल दिसलं तर कार्टमध्ये टाकायच्या आधी घरच्याच्या तारा बदला, नवीन सेट लावला की महिनाभर नव्या वाद्याची हौस भागते. साइझ किंवा लाकूड अनुभवायचंच असेल तर धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महालमध्ये फुर्टाडोजचं दुकान आहे, १८६५ पासूनची पेढी, तिथे जाऊन हातात घेऊन बघा, रिकाम्या हाताने परत यायचं ठरवून आणि कार्ड घरी ठेवून. मित्रमैत्रिणींमध्ये अदलाबदलीही मस्त चालते, माझा टेनर दोन महिने तुझ्याकडे, तुझा बॅन्जोलेले माझ्याकडे, मग कळतं की बॅन्जोलेले शेजाऱ्यांना झेपत नाही.

आणि एक आला की एक जाणार. जाणारा आधी ठरवायचा, मग येणाऱ्याची ऑर्डर.

उरलेल्यांची निगा

आता दोनच आहेत तर त्यांचे लाड करायला वेळ मिळतो. घरचा युकेलेले भिंतीवर हुकला लावा, पण बाहेरच्या भिंतीला नाही, जिला पावसाळ्यात ओल येते, आतल्या भिंतीला. खिडकीच्या आणि एसीच्या थेट झोतात नको. सॉलिड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि मुंबईत जुलैमध्ये ती ८०-९० टक्क्यांपर्यंत चढते, त्यामुळे लाकूड फुगतं, टॉप वर येतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात. सॉलिड असेल तर जून ते सप्टेंबर हुकवरून काढून चांगल्या बंद केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलची पुडी आणि काही शे रुपयांत मिळणारं छोटं आर्द्रता-मीटर टाका. रंग बदलणारी सिलिका जेल मिळते, निळी होती ती गुलाबी झाली की पाणी पिऊन झालंय, मंद आचेवर सुकवून परत वापरता येते. मीटर ४५ च्या खाली गेलं तर पुडी काढून घ्या, फार कोरडं झालं तर लाकडाला चीर जाते, रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत तर याकडे जास्त लक्ष द्या. लॅमिनेटला एवढी नाटकं लागत नाहीत, कोरड्या फडक्याने पुसा आणि आठवड्यातून एकदा तरी बॅगेतून काढून वाजवा.

शेवटी उरतो तो फुटकळ पसारा. कॅपो एक, क्लिप ट्यूनर एक, तारांचे दोन सेट, एक हाय जी चा एक लो जी चा, एवढं ठेवा. बाकीचे स्टँड, पट्टे, जास्तीचे ट्यूनर जाणाऱ्या वाद्यांच्या बॅगेत घालून पाठवा, घेणाराही खूश होतो. जुने अर्धवट सेट 'लागतील' म्हणून साठवू नका, पाकिटावर नाव नसलेली एकटी तार कोणती ते नंतर ओळखता येत नाही. आणि जो ट्यूनर बरेच दिवस वापरणार नाही त्यातला नाण्याएवढा सेल काढून ठेवा, बहुतेकांत सीआर २०३२ असतो, तो आतमध्ये गळला की पत्र्याला हिरवट गंज धरतो आणि चांगला ट्यूनर फुकट जातो.